काळीज उजवीकडे असते

माझ्या साडभावाएवढं मोठं काळीज अख्ख्या वाशीम जिल्ह्यात शोधून सापडणार नाही, असं मी एकदा एका लग्नात चारचौघांसमोर म्हणालो. त्यानं मला हाताला धरून मांडवाबाहेर नेलं आणि इकडेतिकडे बघत हलक्या आवाजात सांगितलं, "दादा, असं कोणाजवळ बोलू नका. काळीज मोठं होणं ही बिमारी असते." मी त्याची स्तुती करत होतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. मांडवात परतल्यावर त्यानं त्या चौघांनाही एकेकाला गाठलं आणि आपलं काळीज अगदी योग्य मापाचं असल्याची ग्वाही दिली. परिणाम असा झाला की पंगत उठेपर्यंत अर्ध्या वऱ्हाडाची खात्री पटली, की या पुण्याच्या पाहुण्याला काहीतरी मोठं दुखणं आहे आणि तो ते लपवतोय. दोन म्हाताऱ्यांनी तर जाताना त्याच्या बायकोच्या पाठीवरून हात फिरवला.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मूळचा किन्हीराजाचा, शेतकऱ्याच्या घरचा. शिकत शिकत पुण्याला पोचला आणि गेली पंचवीस वर्षं तिथल्या एका संशोधन संस्थेत उंदरांच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची काळिजं तपासतोय. काळीज म्हणजे यकृत, ज्याला आपण लिव्हर म्हणतो ते. हे इथेच स्पष्ट केलेलं बरं, कारण त्यानं हे वाचलं तर पहिला फोन त्यासाठीच येईल. मी वाशीमकडच्या मालेगावला शाळेत मराठी शिकवतो. माझ्या विषयात काळीज तुटतं, फाटतं, हेलावतं, धडधडतं, आणि हे सगळं छातीच्या डाव्या बाजूला चालतं. त्याच्या विषयात ते उजवीकडे बरगड्यांखाली निवांत पसरलेलं असतं आणि जन्मात एकदाही धडधडत नाही. जऊळक्याच्या एकाच घरचे आम्ही दोन जावई. मानपानावरून आमच्यात कधी शब्द झाला नाही, पण या एका अवयवावरून आम्ही कित्येक दिवाळ्या नासवल्या.

एकदा जऊळक्याला सासूबाई गोठ्यात कडबा काढायला गेल्या आणि पेंढीखालून साप निघाला. त्या अंगणात धावत आल्या, छातीवर हात ठेवून मटकन खाली बसल्या आणि म्हणाल्या, "अवं माय, माहं काळीज कसं धडधडून राह्यलं!" आम्ही सगळे काठ्या घेऊन गोठ्याकडे पळालो. साडभाऊ एकटा सासूबाईंकडे पळाला. मला वाटलं, पाणी देतोय. तो आपला सदरा वर करून स्वतःच्या पोटावर बोट ठेवून त्यांना दाखवत होता. "मामी, धडधडते ते हृदय. काळीज हे इथं असते, उजवीकडं. ते धडधडत नाही, बिचारं गुपचूप काम करते." तोवर साप कुंपणाबाहेर निघून गेला. सासूबाई तशा सोशीक. त्या दिवसापासून लहान्या जवायासमोर काळजावर हात ठेवायची वेळ आली, तर त्या आधी दोन्ही बाजू चाचपून बघतात आणि मग कपाळाला हात लावतात.

पुण्याहून आलेला शास्त्रज्ञ म्हणून मी त्याला एकदा शाळेत बोलावलं. माझ्या हातून झालेल्या चुकांमध्ये ही वरच्या नंबरात येते. आठवीच्या पोरांना त्यानं दीड तास खिळवून ठेवलं, फळ्यावर एवढं थोरलं काळीज काढलं, त्यातल्या शिरा निळ्या-तांबड्या खडूनं रंगवल्या. पोरं भारावून गेली. पुढच्या चाचणीत मी वाक्प्रचारांचे अर्थ विचारले. 'काळीज पिळवटणे' याचा अर्थ तेवीस जणांनी 'पित्त बाहेर काढणे' असा लिहिला. 'काळजाला घरे पडणे' यापुढे एका हुशार मुलीनं लिहिलं, 'हा लिव्हरचा गंभीर आजार असून तातडीने डॉक्टरांना दाखवावे.' मी तिला शून्य दिलं. ती पेपर घेऊन मुख्याध्यापकांकडे गेली आणि त्यांनी अर्धा गुण द्यायला लावला, कारण मुख्याध्यापक विज्ञानाचे.

मालेगावला आला की रविवारी सकाळी तो माझ्याबरोबर मटणाच्या दुकानात येतो. तिथला दुकानदार त्याला फार मानतो. कारण जगात हाच एक मनुष्य कलेजीला कलेजी न म्हणता तिच्याशी ओळख असल्यासारखा वागतो. "बोकड किती महिन्यांचा?" हा त्याचा पहिला प्रश्न. मग कलेजी हातावर घेऊन तो तिचा भाग न् भाग उलटून दाखवतो, पित्ताची पिशवी कुठं चिकटलेली होती ते सांगतो, बोकडाचं लहानपण कसं गेलं असावं याचा अंदाज करतो. मागे रांग लागलेली असते. एकदा एक ट्रॅक्टरवाला वैतागून म्हणाला, "सर, समदं खरं आहे, पण आमाले अर्धा किलो द्या अन् जाऊ द्या." एवढं करून हा स्वतः कलेजी खात नाही. "दिवसभर तेच पाहतो, घरी आल्यावर कायले ताटात घेऊ," म्हणतो.

पण त्याचं खरं रूप बघायचं तर लहान मूल समोर हवं. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला मालेगावला आमच्याकडे आली होती. तिला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं ठेवलं, त्यासाठी साडभाऊ पुण्याहून अकोल्याला आणि तिथून पॅसेंजरनं जऊळक्याला उतरून, सासूबाईंना बरोबर घेऊन आला. बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या, नाक कोणाचं आणि कपाळ कोणाचं याची वाटणी चालली होती. हा पाळण्यात डोकावला, बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाला, "बारावा ना आज? मंग हिच्या काळजाची बदली होऊन राह्यली."

बदली म्हटल्यावर सगळे सावरून बसले, कारण त्या घोळक्यात निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी नोकरीत होतं. त्यानं समजावून सांगितलं. बाळ पोटात असतं तेव्हा त्याचं काळीज रक्त तयार करण्याच्या खात्यात असतं. जन्म झाला की ते खातं हाडांकडे जातं आणि काळजाची दुसऱ्या खात्यात बदली होते. साखर साठवा, पित्त करा, नको ते रक्तातून काढून टाका. "नवीन साहेब रुजू होईपर्यंत फायली तुंबतात का नाही? तशी लेकरं सुरुवातीले जरा पिवळी दिसतात." हे करायचं कोण शिकवतं? तर पेशीच एकमेकींना निरोप देतात. तू वाढ, तू आता पुरे, तू कोठार सांभाळ, तू पित्ताचा रस्ता बांध. त्या निरोपांवरच काळीज जन्मानंतर वाढतं, शहाणं होतं आणि वेळेवर थांबतं. सासूबाईंनी विचारलं, "अन् 'पुरे' कोण म्हणते?"

"पाणघोडा," साडभाऊ म्हणाला.

पाळण्याभोवतीच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्यानं घाईघाईनं खुलासा केला, की 'थांबा' सांगणाऱ्या निरोपांच्या साखळीला शास्त्रज्ञांनी पाणघोड्याचं नाव दिलंय, कारण ती तुटली तेव्हा माशीच्या अंगावर पाणघोड्यासारख्या जाड वळ्या आल्या होत्या. पण खुलासा कोण ऐकतो? "बाप्पा! एवढ्याशा लेकराच्या पोटात पानघोडा!" म्हणत सासूबाई उठल्या आणि मीठ-मिरच्या ओवाळून आल्या. पुढे महिनाभर त्या फोनवर माझ्या बायकोला आधी पणतीची खुशाली विचारायच्या आणि मग पानघोड्याची.

नात पिवळीच राहिली. आम्ही निर्धास्त होतो. तुंबलेल्या फायलींचं कारण आम्हाला खुद्द शास्त्रज्ञाकडून कळलं होतं, आणि जो येईल त्याला मीच ते ऐकवत होतो. बाळंतपणाच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी परत आणायला सांगितलं होतं; आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत आम्ही गेलो नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात तिला अंगणात निजवायचो. ती दूध प्यायची, हसायची, अंग धरत होती. दीड महिन्याची झाली तेव्हा एका रविवारी माझी बायको बहिणीशी फोनवर बोलताना सहज म्हणाली, की पोरगी अजून पिवळीच दिसते. पलीकडे फोन बहिणीच्या हातातून साडभावानं घेतला.

"ताई, शी कोणत्या रंगाची होते?"

मी वरण-भात कालवत होतो. फोनचा आवाज मोठा होता. मी बायकोला खुणेनं सांगितलं, दुसऱ्या खोलीत जा. ती तिथंच उभी राहून म्हणाली, "पांढरट होते. दुधावरच आहे ना ते."

"कधीपासून?"

"झाले की दोन-तीन आठवडे."

काळजाच्या विषयात हा माणूस दोन शब्दांत थांबलेला मी आयुष्यात ऐकलेला नव्हता. मग म्हणाला, "दादाले द्या." मी उजवा हात ताटात तसाच ठेवून डाव्या हातानं फोन घेतला. "दादा, आजच्या आज लेकराले काळजाच्या डॉक्टरले दाखवा. उशीर नका करू. हे काळजाचं काम आहे, दोन महिन्यांच्या आत उलगडा झाला पाहिजे." एवढं बोलणं झालं आणि रेंज गेली.

आता बघा, या माणसानं मला वर्षानुवर्षं शिकवलं होतं की काळीज उजवीकडे असतं. सापाच्या वेळी शिकवलं, मटणाच्या दुकानात शिकवलं, माझ्या वर्गात येऊन शिकवलं. पण माणूस घाबरला की शिकलेलं सगळं विसरतो आणि आईच्या तोंडून ऐकलेला शब्द तेवढा उरतो. मी बायकोकडे वळून म्हणालो, "पोरीच्या काळजात दोष आहे." तिनं छातीवर हात ठेवला. डाव्या बाजूला. मी बाहेर पडून तिघांना विचारलं, की जवळपास काळजाचा चांगला डॉक्टर कोण? तिघांनीही अकोल्यातल्या एकाच हृदयरोगतज्ज्ञाचं नाव सांगितलं. मराठी भाषेवर माझा असा पूर्ण विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला त्या भल्या डॉक्टरांनी माझ्या नातीच्या छातीवर यंत्र फिरवलं, पडद्यावर तिचं मुठीएवढं हृदय टुकटुक उडताना दाखवलं आणि सांगितलं, की एवढं सुंदर हृदय त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही. पिवळेपणाचं बालरोगतज्ज्ञांना दाखवा, असंही ते म्हणाले. पण आम्ही तोवर रडायला लागलो होतो, आनंदानं. येताना मी पेढे घेतले. गल्लीत वाटले. संध्याकाळी मोठ्या दिमाखात साडभावाला फोन लावला आणि सांगितलं, "पोरीचं काळीज ठणठणीत आहे! डॉक्टर म्हणे फर्स्ट क्लास."

"वा वा! वाचवलं देवानं," तो म्हणाला. मग संशोधकाच्या सवयीनं म्हणाला, "रक्तातली कावीळ किती निघाली?"

"रक्त नाही घेतलं."

"मंग कशावरून म्हणाले?"

"सोनोग्राफी केली ना. छातीची."

"छातीची काहून?" त्यानं विचारलं. आणि मग आम्हा दोघांनाही एकदमच कळलं. मी हातातला पेढा खिडकीत ठेवला. "माहीच चूक आहे, दादा," तो म्हणाला. "मी लिव्हर म्हणाले पाह्यजे होतं. पंचवीस वर्षं निरोप कसा चुकते तेच शिकून राह्यलो, अन् माहाच निरोप चुकला."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मालेगावात हजर. पिशवी ओसरीत टाकली, हातपाय धुतले आणि म्हणाला, "लंगोट दाखवा." माझ्या बायकोनं सगळे लंगोट धुऊन वाळत घातले होते, ते बघून त्याला ब्रह्मांड आठवलं. मग तो अंगणात बाजेवर बसला आणि आम्ही सगळे माझ्या नातीनं शी करायची वाट बघू लागलो. मी आयुष्यात निवडणुकीचे निकाल ऐकले, बोर्डाचे निकाल ऐकले, पण एवढी तगमग कधी झाली नाही. शेजारची एक बाई भिंतीवरून डोकावून म्हणाली, "काय होऊन राह्यलं वं?" तिला कोणी काय सांगणार? तासाभरानं नातीनं मेहेरबानी केली. साडभावानं ते फडकं दोन्ही हातांनी उन्हात धरलं. भिजवलेल्या कणकेसारखा रंग होता. मग त्यानं तिचं लघवीचं दुपटं धरलं. ते गर्द पिवळं होतं.

"जो रंग इकडं पाह्यजे तो तिकडं निघून राह्यला," तो म्हणाला. "पित्ताचा रस्ता बुजला असंन. आतल्या आत पित्त साचते अन् काळीज सडवते. आजच पुण्याले निघा लागते."

माझा तोल सुटला. दोन दिवसांत एकदा घाबरायचं, एकदा हसायचं आणि परत घाबरायचं, एवढं माझ्यानं झालं नाही. मी ओरडलो, "बारशाच्या दिवशी तूच म्हणाला ना, लेकरं पिवळी दिसतात म्हणून? तुम्हा लोकांचं बरं असते. आज हे म्हणा, उद्या ते म्हणा. ही माही नात आहे, तुझा उंदीर नाही!"

माझ्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला. साडभाऊ फडक्याची घडी करत होता, ती त्यानं नीट पूर्ण केली. "उंदीर असता तर मी इतका भेलो नसतो, दादा," तो म्हणाला आणि भाड्याची गाडी सांगायला बाहेर गेला. मी त्याला त्यापूर्वी कधी एकेरी बोललो नव्हतो.

पुण्याला सगळी व्यवस्था त्यानं केली होती. माझा जावई त्याच्या नोकरीच्या गावाहून परस्पर दवाखान्यात पोचला. तपासण्या झाल्या आणि साडभावाचा अंदाज खरा ठरला. पित्त वाहून नेणारी नळी बुजलेली होती. का बुजते हे अजून पुरतं कोणालाच माहीत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनीही सांगितलं. ऑपरेशन करून आतड्याचा एक तुकडा थेट काळजाला जोडायचा, म्हणजे पित्ताला नवी वाट मिळते. मिळाली तर मिळाली. वेळेवर आणलंत म्हणाले. अजून दहाएक दिवस गेले असते तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि साडभाऊ बाहेरच्या बाकड्यावर बसलो होतो. एरवी मला दोन तासांचं व्याख्यान मिळालं असतं. मी मुद्दाम विचारलं, "आत काय करत असतील?" तो म्हणाला, "मले नाही माहीत." त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. इतक्या वर्षांत असल्या हजारभर काळिजांना त्यानं हात लावला असेल. त्या दिवशी मला वाटलं, हा माणूस पहिल्यांदाच एका काळजाबद्दल काही न बोलता फक्त घाबरून बसलाय, आणि ते काळीज माझ्या नातीचं आहे. मी त्याच्या हातावर हात ठेवला. आमच्याकडे पुरुष असं करत नाहीत, पण ठेवला.

पुढचे काही दिवस पुन्हा लंगोटाची वाट बघण्यात गेले. पित्त वाहू लागलं तर रंग येणार होता. चौथ्या की पाचव्या दिवशी माझी मुलगी वॉर्डातून धावतच बाहेर आली, हातात उघडा लंगोट, आणि भर रस्त्यात वरात यावी तशी सगळ्यांसमोरून चालत आली. "काका, पाहा! हिरवा आहे!" बाकड्यावर एक अनोळखी कुटुंब डबा उघडून जेवत होतं. मी त्यांची माफी मागायला वळलो, तर साडभाऊ तो लंगोट त्यांनाही दाखवत होता. रडत होता आणि दाखवत होता. त्या लोकांनी जेवण थांबवून, तोंडात घास असताना, "अभिनंदन" म्हटलं.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. नात आता अंगणभर पळते, माझ्या चष्म्याची काडी मोडते, दर काही महिन्यांनी तपासणीला पुण्याला जाऊन येते. यंदा अधिक महिना आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे असतात. सासूबाईंनी आम्हा दोघांना जऊळक्याला बोलावलं, मुलगी आणि नातही आल्या. पण पंगतीच्या आधी सासूबाईंनी मला चुलीपाशी गाठलं. त्यांचं तोंड उतरलं होतं. "मोठे जवाई, तुमी इचारा बरं त्याइले. दिवाळीलेही गोड खाल्लं नाही. तूप नोको, तळेल नोको, नुसती भाकर अन् भाजी. सकायी उठून स्टेशनपर्यंत चालत जातात. माह्या हाताले काही झालं का आता?"

मी त्याला विहिरीजवळ गाठलं. तो हात धूत होता. बराच बारीक झाला होता. मी म्हटलं, "साडभाऊ, मामी रुसल्या. हे काय नवीन खूळ?"

त्यानं टॉवेलला हात पुसले. "दादा, पोरीचं काळीज आज चांगलं चालून राह्यलं. पण अशी काळिजं कधी कधी पुढं थकतात. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, नाहीतर कधीच नाही. कोणाले सांगता येत नाही. थकलं तर दुसऱ्याचा तुकडा लावा लागते."

"मग आईबाप आहेत ना तिचे."

"तिचा रक्तगट ओ आहे. ओ गटाले ओच चालते. तिच्या आईचा ए, बापाचा बी. तुमचा ओ, पण तुमाले साखर." तो थोडा लाजला. "माहा ओ आहे. मी मागच्या वर्षी समदी तपासणी करून घेतली. काळजावर जराशी चरबी निघाली होती. आता नाही." हे शेवटचं त्यानं पहिल्या नंबरात पास झालेल्या पोरासारखं सांगितलं. मग विहिरीच्या काठावर बसला. "फक्त वयाची पंचाईत आहे. माही पन्नाशी आली. म्हाताऱ्याचं काळीज डॉक्टर सहजासहजी घेत नाहीत. लवकर लागो, असं तोंडानं म्हणवत नाही. अन् उशिरा लागलं तर माहं चालत नाही. म्हणून म्हटलं, जितकी वर्षं ताजं ठेवता येईन, तितकी ठेवू. मामीले नका सांगू, धसका घेतील."

मी त्याला उंदरावरून बोललो होतो, त्याची माफी मागायची दोन वर्षं राहून गेली होती. तेव्हाही मागता आली नाही. आम्ही जाऊन पंगतीला बसलो. सासूबाईंनी मनाशी काहीतरी ठरवलेलं दिसत होतं. त्याला 'नको' म्हणायची सवड न देता त्यांनी चार धोंडे त्याच्या ताटात टाकले, वर तुपाची वाटी रिकामी केली आणि परत चुलीकडे वळल्या. तो ताटाकडे असहायपणे बघत राहिला. मी ते चारही धोंडे उचलून माझ्या ताटात घेतले आणि भराभर खायला लागलो. समोरून माझी बायको माझ्या साखरेच्या नावानं डोळे वटारत होती. सासूबाई फिरून आल्या, त्याच्या ताटातले धोंडे संपलेले बघितले आणि लहान मुलीसारख्या खुलल्या. "पाह्यलं का, माह्या लहान्या जवायानं चार धोंडे खाल्ले!"

तेवढ्यात नात आली आणि त्याच्या मांडीवर जाऊन बसली. त्यानं भाकरीचा घास मोडून तिला भरवला, एक स्वतः खाल्ला. आता तो पुण्याला असला तरी रोज सकाळी किती चाललो ते मला फोनवर कळवतो, आणि मी शाबासकी देतो. इतक्या निगुतीनं तो जे काळीज राखून ठेवतोय, ते कधीच कोणाच्या कामी येऊ नये, एवढंच मी देवाजवळ मागतो.